कोठीतला गहू आणि पुराचा तिसरा दिवस

कोरोनाच्या काळापासून ज्या अमेरिकी सरकारी संस्थेला आपण सीडीसी या नावाने ओळखू लागलो, त्या संस्थेने मे 2011 मध्ये आपल्या संकेतस्थळावर एक लेख प्रसिद्ध केला होता. झोंबी, म्हणजे माणसांचे लचके तोडत हिंडणारे चालते-फिरते मुडदे, उद्या खरोखरच गावात शिरले तर घरात काय काय भरून ठेवलेले असावे, असा त्या लेखाचा विषय होता. लिहिणाऱ्यांचा झोंबींवर अर्थातच विश्वास नव्हता. वादळ, पूर, भूकंप म्हटले की लोक जांभया देतात आणि मुडद्यांचे नाव काढले की कान टवकारतात, एवढे त्यांनी अचूक हेरले होते. वाचणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की ते पान काही काळ बंदच पडले. त्यातली यादी मात्र अगदी साधी होती: माणशी रोज एक गॅलन पाणी, न नासणारे अन्न, नेहमीची औषधे, सुरी, चिकटपट्टी, बॅटरीवरचा रेडिओ, साबण, ब्लीच, कपडे, अंथरूण-पांघरूण, कागदपत्रे आणि प्रथमोपचाराची पेटी. (अमेरिकी लष्करातही त्याच वर्षी झोंबींविरुद्ध लढण्याचा एक सविस्तर आराखडा प्रशिक्षणाचा सराव म्हणून लिहिला गेला होता, आणि तो 2014 मध्ये उघड झाल्यावर ‘हे खरे नव्हे’ असा खुलासा करण्याची वेळ त्यांच्यावर आली.)

मी सांगलीत राहते. आमच्याकडे मुडद्यांची गरज नाही; कृष्णामाई पुरेशी आहे. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हा आमच्या गावाचा ताप मोजण्याचा काटा असतो. 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. 2005 मध्ये पाणी 53 फुटांच्या पुढे गेले, तेव्हा ‘एवढे पाणी आयुष्यात पुन्हा पाहायला मिळणार नाही’ असे जाणती माणसे म्हणाली. ऑगस्ट 2019 मध्ये ते 57 फुटांच्याही वर गेले आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा 55 फुटांच्या आसपास पोहोचले. त्यामुळे आपत्तीसाठी घरात काय भरून ठेवावे, हा प्रश्न आमच्याकडे गमतीचा राहिलेला नाही. तरीही या विषयावर गप्पा निघाल्या की दहातील नऊ माणसे पहिल्यांदा धान्याचे पोते डोळ्यांपुढे आणतात, आणि माझ्या मते विचार नेमका तिथेच चुकीच्या वाटेला लागतो.

धान्य भरून ठेवणे आपल्याला नवे नाही. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या घरी वर्षाचा गहू, शाळू, तांदूळ आणि तूरडाळ येते. गहू उन्हात चांगला कडकडीत वाळवायचा, निवडायचा, हाताला एरंडेल लावून मुठीमुठीने चोळायचा, कोठीत थरांमध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला घालायचा आणि वर झाकण घट्ट बसवायचे, हा क्रम सासूबाई आजही मोडू देत नाहीत. कडधान्यांना चुलीची चाळलेली राख लावण्याची रीत आता शहरात राख मिळत नाही म्हणून सुटली, पण तिच्यात तथ्य होते, कारण राखेने दाण्यांमधल्या फटी भरतात आणि किड्याला हिंडता-फिरता येत नाही. खपलीचे एक छोटे पिंप वेगळे असते, कारण खिरीला आणि पुरणपोळीला दुसरा गहू आईंना चालत नाही. ही सगळी बेगमी मनाला मोठा धीर देते. पावसाने जोर धरला आणि आयर्विनचा आकडा वाढू लागला की आईंचे ठरलेले वाक्य असते, “अगं, वर्षाचा गहू आहे घरात. उपाशी का राहणार आहोत आपण?” त्यावर मी एकदा म्हटले होते, “आई, गहू आहे हो, पण दळून कोण देणार?”

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. बेगमी ही महागाईविरुद्ध, टंचाईविरुद्ध आणि चार महिन्यांच्या पावसाविरुद्ध केलेली सोय आहे. तिने असे गृहीत धरलेले असते की बाजार बंद असला, भाव चढले, रस्ता चिखलाने अडला, तरी घरातली चूल, विहीर आणि जाते जागच्या जागी असतील. आताच्या घरात यांपैकी काहीही नाही. चुलीच्या जागी गॅसची टाकी आहे, विहिरीच्या जागी नळ, आणि जात्याच्या जागी कोपऱ्यावरची विजेवर चालणारी गिरणी आहे. पुरात उपकेंद्रांत पाणी शिरते आणि मग वीज जाते. वीज गेली की गिरणी, नळाचा उपसा, इमारतीची मोटर, मोबाईलचे मनोरे आणि बँकेचे यंत्र हे सगळे एकापाठोपाठ एक बंद पडते. पोत्यापासून घासापर्यंत जेवढे टप्पे, तेवढ्या ठिकाणी ही साखळी तुटू शकते. म्हणून आपत्तीसाठी साठा करताना ‘घरात किती आहे’ यापेक्षा ‘ते तोंडात पडेपर्यंत मध्ये कोणाकोणाची गरज लागते’ हे आधी विचारावे. ज्या पदार्थाला मध्ये कोणीच लागत नाही, तो सर्वांत मोलाचा.

थोडा हिशेब मांडून पाहू. चार माणसांचे कुटुंब आणि तीन दिवस, एवढेच धरू. माणशी रोज ढोबळमानाने 2,000 कॅलरी लागतात असे मानले तर एकूण 24,000 कॅलरी झाल्या. भाजलेल्या शेंगदाण्यांत 100 ग्रॅमला साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात, गुळात सुमारे 380 आणि सातूच्या पिठात त्याच सुमारास. म्हणजे दोन किलो शेंगदाणे, दोन किलो गूळ आणि दीड किलो सातूचे पीठ एवढ्यातच हिशेब भरतो. साडेपाच किलो ओझे! शाळेच्या दप्तरात मावेल एवढे. चवीचा, मुलांच्या कुरकुरीचा आणि पथ्यपाण्याचा भाग वेगळा, पण जीव जगवायला एवढे पुरते. आता पाण्याकडे वळा. सीडीसीच्या यादीतले एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरांहून थोडे जास्त. सोयीसाठी चार लिटर धरा. चार माणसे, तीन दिवस: 48 लिटर, म्हणजेच 48 किलो. अन्नाच्या जवळपास नऊपट वजन पाण्याचे होते, आणि ते फक्त पिण्यापुरते, जुजबी स्वयंपाकापुरते आणि हात-तोंड धुण्यापुरते. मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मापदंडांत सगळ्या वापरासाठी माणशी रोज किमान 15 लिटर सांगितलेले आहेत. त्या हिशेबाने तीन दिवसांना 180 लिटर लागतील. स्वित्झर्लंडचे सरकार आपल्या नागरिकांना माणशी नऊ लिटर पिण्याचे पाणी सदैव घरात ठेवायला सांगते, तेही केवळ पहिल्या तीन दिवसांसाठी. जो देश आपल्याला घड्याळे आणि चॉकलेटे विकतो, तो स्वतःच्या माणसांना पाण्याच्या बाटल्या मोजायला लावतो, ही गोष्ट मला मोठी समजूतदारपणाची वाटते.

2019 मध्ये कोल्हापुरात पंचगंगेचा पूर शहराला वेढून बसलेला असताना नळाला मात्र पाणी नव्हते, कारण नदीकाठची उपसा केंद्रेच पाण्याखाली गेली होती. पुरात सर्वांत आधी पाणी तुटते, हे ज्याने पाहिलेले नाही त्याला सांगूनही पटत नाही. खिडकीखाली करड्या-तपकिरी रंगाचे पाणी पसरलेले असते, त्यात कुणाचे चप्पल, कुणाची कुंडी, मेलेली कोंबडी आणि डिझेलचा तवंग वाहत असतो, आणि घरात हंड्याच्या तळाशी वाटी घासल्याचा आवाज येत असतो. ते पाणी कितीही गाळले तरी पिण्याजोगे होईल असे मानू नये. डिझेल आणि रसायने उकळून जात नाहीत.

पावसाचे पाणी मात्र वरून फुकट येत असते, आणि त्याकडे आश्चर्यकारकरीत्या कोणाचे लक्ष नसते. गच्चीवर स्वच्छ ताडपत्री चार कोपऱ्यांना बांधून मधोमध खळगा केला आणि पहिले थोडे पाणी वाहू दिले, की तासाभराच्या जोरदार सरीत वापरायचे पाणी सहज मिळते. उकळल्यास ते पिण्यालाही चालते. पाणी गढूळ असेल तर क्रम लक्षात ठेवावा. आधी तुरटी फिरवून ते निवळू द्यायचे, मग चौपदरी फडक्यातून गाळायचे आणि त्यानंतरच क्लोरीनची गोळी किंवा थेंब घालायचे, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन गाळाशीच झुंजत बसते आणि जंतूंसाठी उरत नाही. थेंब घातल्यावर किमान अर्धा तास थांबावे लागते. तुरटी पाणी निवळवते, जंतू मारत नाही. या दोन कामांची गल्लत आमच्या आजूबाजूला भल्या-भल्यांची होते. ग्रामपंचायती ज्याला टीसीएल म्हणतात ती ब्लीचिंग पावडर उघडी राहिली की तिचा कस उडतो, म्हणून दोन पावसाळ्यांपूर्वीचे पाकीट असले तर ते फरशी धुण्यासाठी ठेवावे. भिंतीवरचे आरओ यंत्र विजेशिवाय शोभेचे असते; दोन डब्यांचा, आत मेणबत्तीच्या आकाराची गाळणी असलेला जुना फिल्टर अशा वेळी स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यासाठी उपयोगी पडतो.

आता खाण्याच्या बाबतीत थोडे रेंगाळते, कारण इथे आपल्या स्वयंपाकघराजवळ अमेरिकेच्या यादीहून पुष्कळ चांगले काही आहे. तिकडे डबाबंद पदार्थ आणि डबा फोडायचे उपकरण सांगितलेले असते. आपल्याकडे सातूचे पीठ आहे. गहू ओलवून, कांडून, वाळवून खमंग भाजायचे, त्यात भाजके डाळे, वेलची आणि हवी तर सुंठ घालून दळायचे. खाताना गुळाच्या पाण्यात किंवा दुधात कालवले की झाले. ना विस्तव, ना भांडी. पूर्वी प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पडशीत ते असायचे, त्याला हेच कारण होते. पातळ पोहे, चुरमुरे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, चिक्की, दूध पावडर, मेतकूट यांनाही मध्ये कोणी लागत नाही. भडंग हा आमच्या सांगलीचा अभिमान, पण साठवणीच्या दृष्टीने तो डोळे झाकून भरू नये, कारण तेल लावलेला पदार्थ महिना-दीड महिन्यात खवट वास धरू लागतो. आणि शिवाय चुरमुऱ्यांचे पोते जागा फार अडवते आणि पोट त्या मानाने कमी भरते. शेंगदाणे कच्चे ठेवावेत आणि जूनमध्ये थोडे थोडे भाजून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत. पावसाळी हवेत गूळ पाघळतो आणि मिठाला पाणी सुटते, म्हणून दोन्ही काचेच्या बरणीत ठेवलेले बरे. कणकेचा जास्त साठा करण्यात अर्थ नाही. कोंड्यातल्या तेलामुळे पीठ काही आठवड्यांतच कडवट होऊ लागते. अख्खा गहू वर्षानुवर्षे टिकतो, पण तो दळायचा प्रश्न वर आलेलाच आहे. मी मधला मार्ग म्हणून गव्हाचा जाडसर रवा आणि लापशीचा दलिया भाजून ठेवते, कारण त्याला गिरणी लागत नाही आणि एका शिट्टीत तो शिजतो.

एक इशारा इथेच देऊन ठेवते. धान्याला कीड लागू नये म्हणून गोदामात वापरतात त्या विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या काही लोक ओळखीच्या दुकानातून घरच्या पोत्यात टाकायला आणतात. त्या गोळ्यांतून ओलाव्याच्या संपर्काने फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद घरात माणसे झोपेतच मरू शकतात. पुराच्या दमट हवेत, दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत, त्या पोत्याशेजारी अंथरूण घालून झोपण्यापेक्षा टोके पडलेला गहू खाल्लेला परवडला.

गॅसच्या टाकीबद्दल बहुतेकांना एक गोष्ट ठाऊक नसते, ती म्हणजे भरलेली टाकीसुद्धा पाण्यावर तरंगते. घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन 15-16 किलो, म्हणजे सगळे मिळून 30 किलोंच्या आसपास. तिची आतली पोकळी मात्र 33 लिटरांहून थोडी अधिक असते. जेवढे पाणी ती बाजूला सारते त्यापेक्षा ती हलकी पडते, त्यामुळे तळमजल्यावर पाणी शिरले की टाकी उभी तरंगू लागते, रबरी नळी ताणली जाते आणि रेग्युलेटरशी झटापट सुरू होते. म्हणून घर सोडताना किंवा सामान वर नेताना रेग्युलेटर काढून, टोपी लावून, टाकी वर न्यावी; ते शक्य नसेल तर खिडकीच्या गजाला साखळीने बांधावी. दुसरी, पाच किलोची लहान टाकी वेगळी असलेली बरी, कारण जिन्यावरून ती एकट्या बाईला नेता येते. इंडक्शनच्या शेगडीवर भरवसा ठेवून दुसरी टाकी परत करणाऱ्या मंडळींशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या घरी पावसाळ्यात चहाला जात नाही.

साठा कुठे ठेवावा, हा प्रश्न किती ठेवावा याच्या बरोबरीचा आहे. अमेरिकेत घराखालच्या तळघरात रकाने करून डबे रचलेली छायाचित्रे दिसतात. तळघराची आपली आवृत्ती म्हणजे पेव. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे प्रसिद्ध होती. वरचे तोंड अरुंद, आत पोट मोठे, आणि तोंड मातीने लिंपून बंद केलेले. आत हवा खेळत नसल्याने प्राणवायू घटतो, कर्बवायू वाढतो आणि कीड आपोआप मरते. ना गोळी, ना पावडर. उघडल्याबरोबर आत उतरायचे नाही, आधी हवा जाऊ द्यायची आणि दिवा सोडून पाहायचा, हा पेवाचा नियम त्यातूनच आलेला. किडीविरुद्ध आणि चोराविरुद्ध यापेक्षा चांगली कोठी कोणी बांधली असेल असे मला वाटत नाही. पण 2005 च्या पुराने त्यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरले आणि हळद वाया गेली. वर्षानुवर्षांची ती पद्धत त्यानंतर बरीचशी मागे पडली. कोणत्या शत्रूसाठी साठवता आहात, हे ठरल्याशिवाय कोठी जमिनीखाली असावी की माळ्यावर, हे ठरत नाही. आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या काकूंची पत्र्याची कोठी 2019 मध्ये जागची हलली नाही, पण झाकणाच्या फटीतून पाणी गेले, गहू फुगला आणि पूर ओसरल्यावर तो बाहेर काढताना कोठीचे कडे कापावे लागले. तो आंबलेल्या गव्हाचा वास ज्याच्या नाकात बसला आहे, तो पुन्हा तळमजल्यावर धान्य ठेवत नाही. काकूंनी आता वर्षाचा गहू घेणेच बंद केले आहे, महिन्याचा घेतात आणि तो दहा-दहा किलोंच्या प्लॅस्टिकच्या पिंपांत ठेवतात, कारण दहा किलो त्यांना उचलता येतात. उचलता येईल तेवढाच डबा, हा नियम मी त्यांच्याकडून घेतला.

माझे माहेर दापोली तालुक्यात, समुद्राच्या अंगाला. तिकडे मे महिन्यात आगोट भरतात: तांदूळ, कुळीथ, आमसुले, आंबोशी, सुके बोंबील, सोडे, जवळा, पांढऱ्या कांद्यांच्या माळा, पापड-फेण्या, आणि पडवीत रचलेला लाकूडफाटा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्याला धडकले, तेव्हा टाळेबंदीमुळे नेहमीपेक्षाही जास्त आगोट घराघरांत आधीच भरलेली होती. अन्नाची ददात पडली नाही. पडली ती दुसऱ्याच गोष्टींची. छपराची कौले आणि पत्रे उडाल्याने कणगीतला तांदूळ भिजला. विजेचे खांब कोसळल्याने कितीतरी गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. आणि विहीर तुडुंब असूनही ज्यांनी रहाट काढून पंप बसवला होता, त्यांना दोर आणि पोहरा शोधत शेजारी जावे लागले. घासलेट तर रेशनवरून केव्हाच गेलेले, त्यामुळे माळ्यावरचे कंदील काढूनही ते पेटवायचे कशाने हा प्रश्न होता. तेव्हापासून माहेरी आगोटीच्या यादीत ताडपत्री, वीस हात नायलॉनचा दोर, पोहरा आणि सौर दिवा यांची भर पडली आहे. सुक्या बोंबलांच्या डब्याशेजारी सौर दिवा ठेवलेला पाहून माझ्या काकांना हसू येते, पण ते तो दर रविवारी न चुकता उन्हात ठेवतात.

आपत्ती किती वेळ देते, यावरही बरेच अवलंबून असते. कृष्णेचा पूर आमच्याकडे पायरी-पायरीने चढतो. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी येते, मग आयर्विनचा आकडा हळूहळू सरकत जातो, आणि आवरायला एखादा दिवस तरी हाताशी असतो. चिपळूणला 22 जुलै 2021 रोजी तो मिळाला नाही. रात्रीतून वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत घुसले आणि सकाळी माणसे पहिल्या मजल्यावरून हाका मारत होती. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तर क्षणही मिळाला नाही. भूकंपात माळ्यावरचा साठा तुमच्यासह खाली येतो, त्यामुळे तिथे जड वस्तू खाली आणि दाराजवळ एक पिशवी, असा उलटा हिशेब लागतो. आमच्या घरी मात्र आयर्विनच्या आकड्यालाच कामे जोडून टाकली आहेत. 35 फूट झाले की गच्चीची टाकी काठोकाठ भरायची, मोबाईल आणि पॉवर बँक भरून घ्यायच्या, गिरणीतून एकच मोठे दळण आणायचे. 40 फुटांना औषधे आणि रोख पैसे जवळ घ्यायचे, गाडी उंचावर नेऊन लावायची, काकूंचे सामान वर आणायला मुलांनी खाली जायचे. 43 फुटांनंतर कोणी वाद घालायचा नाही. आई-बाबांना मिरजेला नणंदेकडे पोहोचवायचे, कारण बाबांना इन्सुलिन लागते. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली साधारण चार आठवडे थंड सावलीत, माठाशेजारी चालते, पण न उघडलेला साठा विजेअभावी किती दिवस सांभाळणार?

बाकीच्या किरकोळ वस्तू भराभर सांगते. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा, कारण यंत्रे बंद पडल्यावर पाचशेची नोट घेऊन अर्धा लिटर दूध कोणी देत नाही. आकाशवाणी ऐकता येईल असा सेलवरचा रेडिओ. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक मोबाईलमध्येच नव्हे तर दाराच्या मागे खडूने लिहिलेला. चष्म्याची जुनी जोडी. सॅनिटरी पॅड, जे पुरुषांनी केलेल्या यादीत कधीच नसतात. जुलाब सुरू झाल्यास जलसंजीवनीची पाकिटे, आणि ती संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आणि ज्याविषयी कोणी बोलत नाही ते शौचाचे. इमारतीचे चेंबर पुराच्या पाण्याने भरले की खालच्या मजल्यांवर संडासातून पाणी उलटे येते. झाकणाची बादली, जाड पिशव्या, चुना किंवा राख एवढे वेगळे काढून ठेवले तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांची फार मोठी अडचण टळते.

साठा आणि साठेबाजी यांच्यातली रेघ मार्च 2020 मध्ये सगळ्यांनी पाहिली. टाळेबंदी जाहीर झाली त्या रात्री किराणा दुकानांपुढे लागलेल्या रांगांत महिन्यांचे तेल आणि साखर नेणारी माणसे होती, आणि रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या हातात तेवढे पैसेच नव्हते. संकट दारात आल्यावर भरलेले घर शेजाऱ्याच्या ताटातले ओढून भरलेले असते. तेच सामान एप्रिल-मेमध्ये, भाव शांत असताना, दर किराण्याबरोबर एक-एक पाकीट जास्त घेऊन जमवले तर कोणाचेच काही कमी होत नाही. जपानमध्ये घरोघरी अशीच रीत शिकवतात: नेहमी खातो तेच थोडे जास्त ठेवायचे, जुने आधी खायचे आणि खाल्ले तेवढे पुन्हा आणायचे. म्हणून आमच्या खोक्यातले सातूचे पीठ आणि चिक्की दिवाळीच्या आधी संपवली जाते, आणि मुले पावसाळा कोरडा गेला की उलट खूश होतात.

पूर ओसरू लागल्यावर काय लागेल, याचा साठा फार थोडे लोक करतात. तेव्हा बाजारात खराटे, फावडी, फिनेल, गमबूट यांचे भाव दुपटीने वाढतात किंवा त्या वस्तू मिळतच नाहीत. पुराचा गाळ बारीक आणि चिकट असतो. पाणी उतरत असताना, तेच पाणी बादलीने मारून, तो खराट्याने बाहेर ढकलावा लागतो. एकदा का तो फरशीवर वाळला की मग कुदळीने खरवडावा लागतो आणि भिंतीच्या कोपऱ्यांत वर्षभर त्याची रेघ राहते. पायाला जखम असेल तर त्या चिखलात अनवाणी उतरू नये, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. यासाठी आमच्या जिन्याच्या वरच्या वळणावर, इमारतीच्या सामाईक खर्चातून घेतलेली दोन फावडी, चार खराटे, गमबुटांच्या जोड्या आणि टीसीएलचे बंद डबे एका पिंपात ठेवलेले आहेत. त्या पिंपाची किल्ली तळमजल्यावरच्या काकूंकडे असावी की वरच्या मजल्यावर, यावर मागच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. शेवटी कुलूपच काढून टाकण्यात आले.